फ्रेममधली चिमणी

भिलाईत माणसाला आडनाव असतं, पण ते रेशनकार्डापुरतं. एरवी माणूस ओळखला जातो खात्यावरून. ‘ते ब्लास्ट फर्नेसवाले’, ‘हे कोक ओव्हनवाले’, ‘त्या रेल मिलवाल्यांची मधली मुलगी’. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि विदर्भातून, बंगालमधून, केरळातून, आंध्रातून, पंजाबातून माणसं येऊन इथल्या सेक्टरांमध्ये राहिली. साठाव्या वर्षी कारखाना माणसाला सोडतो. माणूस मात्र खातं सोडत नाही. तो ते बरोबर घेऊन पुढच्या उद्योगाला लागतो.

पूर्वी हा पुढचा उद्योग ठरलेला असे. नागपूरला फ्लॅट, मुलीचं लग्न, उरल्या पैशांत चारधाम. अलीकडे या यादीत एक नवं धाम शिरलं आहे : पक्ष्यांचे फोटो काढायची दीडशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स. ही लेन्स विकत घेतली जाते मुलाच्या सल्ल्यानं, ठेवली जाते देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात आणि तिची खरी किंमत वहिनींना कधीही सांगितली जात नाही. वहिनींना ती माहीत असते. त्या फक्त योग्य भांडणाची वाट पाहत असतात.

आमच्या मंडळातल्या मराठी निवृत्तांचा असा एक जथा आहे. त्यात ब्लास्ट फर्नेसवाले भाऊ आहेत, कोक ओव्हनवाले दादा आहेत, रेल मिलवाले काका आहेत आणि शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर आहेत. मी कॅमेरा बाळगत नाही. माझ्याकडे दुर्बीण आणि चहाचा थर्मास आहे. त्यामुळे जथ्यात माझं स्थान पक्ष्यांच्या खाली, पण ट्रायपॉडच्या वर आहे.

काकांबद्दल आधीच सांगून ठेवायला हवं. भारतीय रेल्वे ज्या रुळांवरून धावते त्यांतले बहुतेक भिलाईचे. २६० मीटर लांबीचे सांधलेले पट्टे इथून रवाना होतात. काकांनी उभी नोकरी रूळ सरळ आहे की नाही हे पाहण्यात घालवली. आता ते जगाकडे पाहतात तेच मुळी एक डोळा मिटून. ‘दोनशे साठ मीटर सांभाळलेत, सहाशे मिलिमीटरचं काय घेऊन बसलात?’ असं म्हणून त्यांनी लेन्स घेतली. तिचं वजन दोन किलो आहे, हे त्यांना खांद्याच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं.

पक्ष्यांच्या फोटोंसाठी वेडेपणा करण्याची परंपरा मात्र थोर आहे, हे मान्य केलं पाहिजे. १८८२ साली एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा आणि सेकंदाला बारा चित्रं मिळवायची. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी तर पेंढा भरणाऱ्याकडून पोकळ बैल करवून घेतला आणि पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्या बैलाच्या पोटात शिरून फोटो काढले. आमच्या कारखान्याला ज्या देशानं हात दिला त्या रशियात १९६५ पासून ‘फोटोस्नायपर’ नावाची चीज बनत असे. झेनित कॅमेरा, त्याला ३०० मिलिमीटरची तैर लेन्स आणि खाली खांद्याला लावायला बंदुकीचा दस्ता. तो घेऊन पोलाद कारखान्याच्या फाटकासमोरून नुसतं फिरून दाखवावं, पक्षी सोडून बाकी सगळे आपल्याकडे लक्ष देतील.

आमचा जथा बैलात शिरत नाही. तो झाडीच्या छापाचे कपडे घालतो. इथल्या मरोद्याच्या जलाशयाकाठी झाडी बेताची आहे. जथा येऊन उभा राहिला की ती एकदम दुप्पट होते. अडई बदकं, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, पंख वाळत घालून बसलेले पाणकावळे असा सगळा समाज पाण्यावर हजर असतो आणि अचानक काठावर उगवलेल्या, खोकणाऱ्या झुडपांकडे पाहत राहतो. कुत्री मात्र फसत नाहीत. ती थेट झुडपापाशी येऊन बिस्किटं मागतात.

एकदा शेजारून म्हशी घेऊन चाललेल्या एका बाबांनी विचारलं, “का के फोटू खींचत हव, भइया?”

“चिरई के,” दादांनी सांगितलं.

“कोन चिरई?”

“नीलकंठ.”

बाबांनी जथ्याकडे, तीन ट्रायपॉडांकडे आणि माझ्या थर्मासकडे दयेनं पाहिलं. “ओ तो मोर खेत मा रोज बइठथे,” म्हणाले आणि म्हशी हाकत निघून गेले. त्या म्हशींच्या पायांत गायबगळे होते, तेही गेले. म्हशीच्या खुरांनी गवतातले किडे उठतात आणि बगळा ते टिपतो, म्हणून म्हैस जाईल तिकडे बगळा जातो. आमच्या फोटोंत मात्र म्हैस कधीच नसते. ती कापली जाते. बगळा एकटाच गवतात उभा दिसतो, उपाशी आणि कलात्मक.

इथपर्यंत फोटो काढण्याचं झालं. खरा कारखाना घरी सुरू होतो.

आजचा कॅमेरा सेकंदाला वीस चित्रं सहज घेतो. म्हणजे बगळा एक मिनिट उभा राहिला तर त्याची बाराशे चित्रं. बगळ्याचा धंदाच मुळी उभं राहण्याचा. त्यामुळे घरी आल्यावर एकाच बगळ्याच्या बाराशे प्रतींतून सर्वांत चांगला बगळा निवडायचा असतो. काका डोळा मिटून पाहतात, ‘याची मान जरा वाकडी आहे’ म्हणतात आणि पुढच्याकडे जातात. बगळ्याची मान सरळ असती तर तो बगळा कशाला झाला असता, हे त्यांना कोण सांगणार? सत्तेचाळीस वर्षं संसार केलेल्या काकूसुद्धा सांगत नाहीत.

मग निवडलेल्या फोटोची सुधारणा. यात प्रत्येकाचं खातं वर येतं.

ब्लास्ट फर्नेसवाले भाऊ भट्टीतून वाहत येणाऱ्या लोखंडाचा रंग पाहून तापमान सांगत. पंधराशे अंशांच्या आसपासचा तो मामला, पण यंत्राचा आकडा येईपर्यंत भाऊंचा आकडा सांगून झालेला असे. संगणकावर ‘टेम्परेचर’ नावाची पट्टी आणि तिच्यावर केल्विनमधले आकडे दिसल्यावर त्यांना माहेर भेटलं. त्यांनी पट्टी साडेपाच हजारांवरून साडेसात हजारांवर नेली. फोटो पिवळा झाला. भाऊ उखडले.

“हे उलटं आहे जी! लोखंड तापत जातं तसं आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळं, मग पांढरं. त्याच्याही वर तापलं तर निळ्याकडे. आकडा वाढला तर फोटो निळा व्हायला पाहिजे. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं जन्मात भट्टी पाहिली नाही!”

सरांनी समजावलं. हा आकडा फोटोचा नाही, प्रकाशाचा. तुम्ही संगणकाला सांगता की त्या वेळचा उजेड साडेसात हजारांचा, म्हणजे निळसर होता. मग तो निळेपणा मारायला संगणक पिवळं घालतो.

“म्हणजे साक्ष मी द्यायची आणि त्यानं तिच्या उलट निकाल द्यायचा?”

“तसंच.”

“भट्टीत असं चालत नाही,” भाऊ म्हणाले. तेव्हापासून ते पट्टी डावीकडे सरकवताना ‘वाढवतो’ म्हणतात आणि उजवीकडे सरकवताना ‘उतरवतो’. त्यांच्या शेजारी बसून शिकलेल्या दोन नवख्यांचे पक्षी अजून कावीळ झाल्यासारखे दिसतात.

कोक ओव्हनवाल्या दादांचा जीव काळ्यात. कोळसा आत जाताना काळा, कोक बाहेर आल्यावर करडा, आणि या दोहोंच्या मधल्या सगळ्या छटा त्यांना पाठ. म्हणून ते कोतवालाचे फोटो काढतात. काळाकुळीत पक्षी, दुभंगलेली शेपटी. फोटोत तो नुसता भोक पडल्यासारखा दिसतो, कारण कॅमेऱ्याला काळं समजत नाही. पांढरंही समजत नाही. समोरचं जग सरासरीनं मध्यम करडं असणार, अशी कॅमेऱ्यातल्या मीटरची पक्की समजूत असते. बगळ्यानं फ्रेम भरली की तो म्हणतो, ‘फार उजेड झाला’ आणि बगळा मळका करतो. कोतवालानं भरली की म्हणतो, ‘फार अंधार झाला’ आणि त्याला राख फासतो. या मीटरचा जन्म भिलाईतलाच असावा, असं भाऊंचं मत आहे. त्यावर तोडगा सोपा. पांढऱ्या पक्ष्याला आपणहून थोडं जास्त एक्स्पोजर द्यायचं, काळ्याला थोडं कमी. पण बगळ्याला ऊन जबर असेल आणि पाठीमागे गर्द सावली असेल, तर हिशेब फिरतो आणि बगळा जळतो. जळालेल्या पांढऱ्यातून पिसं परत आणणारी पट्टी अजून निघालेली नाही. तिथे मूळ माहितीच उरलेली नसते.

दादांनी ‘शॅडोज’ची पट्टी उचलली. कोतवालाचं एकेक पीस दिसायला लागलं. दादांचा उत्साह वाढला, पट्टीही वाढली. सरांनी फोटो पाहिला आणि चष्मा पुसला.

“दादा, राखी कोतवाल कुठं मिळाला तुम्हाला?”

राखी कोतवाल हा वेगळा पक्षी. रंगानं करडा, डोळे लाल, हिवाळ्यात येणारा पाहुणा. दादांनी एका पट्टीच्या जोरावर नवी जात आणली होती. सरांनी चोचीच्या कोपऱ्यातला बारीक पांढरा ठिपका दाखवला तेव्हा जात परत ताळ्यावर आली. तो ठिपका काळ्या कोतवालाचा. दादांना वाईट वाटलं, पण त्यांनी विचारलं, “ठिपका पुसला असता तर?”

हाच तो प्रश्न. या छंदातले सगळे बरेवाईट लोक या प्रश्नापाशी येऊन दोन वाटांनी जातात.

सर फोटो सजवण्याच्या विरुद्ध आहेत. ते पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्डवर ठेवतात. तिथे विचित्र नोंद दिसली की स्वयंसेवक परीक्षक पुरावा मागतात. सरांचे पुरावे पाहण्यासारखे असतात. धूसर, हललेले, अर्धा पक्षी फांदीमागे. पण पंखावरची फिकट पट्टी दिसते, भुवईची रेघ दिसते, आणि ओळखायला तेवढंच लागतं. पर्णवटवट्या नावाचे हिरवट-करडे चिमुकले पक्षी हिवाळ्यात येतात. त्यांच्यातल्या जाती एकमेकींपासून असल्या एकदोन रेघांनीच वेगळ्या होतात. पुण्याहून आलेल्या काकांच्या भाच्यानं सरांचा असा एक फोटो कृत्रिम बुद्धीच्या हवाली केला. फोटोतले दाणे गेले, धूसरपणा गेला, पिसं टोकदार झाली. पंखावरची पट्टीही दाण्यांबरोबर गेली. भुवई मात्र ठळक झाली, कारण पक्ष्याला भुवई असते हे यंत्रानं कुठंतरी शिकलेलं होतं.

“किती सुंदर झाला!” भाचा म्हणाला.

“हो,” सर म्हणाले. “आता फक्त असा पक्षी जन्माला यायचा बाकी आहे.”

भाच्याच्या विरुद्ध टोकाला मंडळातले आणखी एक गृहस्थ आहेत. ते छाती पुढे काढून सांगतात, ‘मी एडिट करत नाही. जे दिसलं ते.’ त्यांना कळवायला हवं की कॅमेऱ्यानं त्यांच्या वतीनं सगळं करून टाकलेलं असतं. कॅमेऱ्यातला प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो, लाल, हिरवा किंवा निळा. कोडॅकच्या ब्राइस बेयरनं काढलेल्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या जाळीत दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजानं भरले जातात. म्हणजे ‘जे दिसलं ते’ यात दोन तृतीयांश शेजाऱ्यांचं ऐकीव. वर कॅमेरा आपल्या मनानं थोडं उजळतो, थोडं धारदार करतो, मग जेपीईजी हातात ठेवतो. तेव्हा अजिबात न सुधारलेला फोटो ही एक अफवा आहे. प्रश्न सुधारायचं की नाही हा नाहीच. काय ठेवायचं, एवढाच आहे.

नीलकंठाचंच पाहा. दसऱ्याला नीलकंठ दिसला तर वर्ष चांगलं जातं, असं इकडचे लोक मानतात, त्यामुळे त्या दिवशी सगळी भिलाई मान वर करून फिरते. बसलेला नीलकंठ पाहून नवखा माणूस हिरमुसतो. तपकिरी, गुलाबीसर छाती, मातकट पाठ. पण तो उडाला की पंखांतून निळ्याचे दोन प्रकार एकदम उघडतात, गडद आणि आकाशी. ते निळं रंगद्रव्याचं नसतंच. पिसाच्या आतली सूक्ष्म स्पंजासारखी रचना उजेडातलं निळं तेवढं परत फेकते. पीस कुटलं तर निळी पूड निघत नाही. अशा पक्ष्याला काकांनी पट्टी ओढून बसल्याजागी निळा केला. छाती निळी, पाठ निळी, चोचही थोडी निळी. दसरा वर्षभर सोयीचा झाला.

“काका, उडेपर्यंत थांबला असतात तर फुकट मिळालं असतं,” मी म्हणालो.

“तो तारेवर बसला होता,” काका म्हणाले. “उडत नव्हता.”

इथे खरा विषय येतो : तार.

भिलाईचे पक्षी तारेवर बसतात. वेडा राघू, कोतवाल, नीलकंठ, खंड्या, सगळे. त्यांना विजेत रस नसतो, किड्यात असतो. चौफेर दिसणारी, पानांची आडकाठी नसलेली, उंच, फुकट जागा. तिथून झेप घ्यायची, किडा पकडायचा, परत त्याच जागी. वेडा राघू तर पकडलेली मधमाशी तारेवर आपटून तिची नांगी काढतो, मग गिळतो. त्याच्या घरात ही तार म्हणजे पाटा, वरवंटा आणि ओटा. पण फोटोत तार दिसली की जथा दुःखी होतो. ‘डिस्टर्ब करते.’ मग क्लोनचं हत्यार घेऊन तार पुसली जाते. तार जाते, पक्षी राहतो. त्याची बोटं हवेत काहीतरी घट्ट पकडून असतात. चेहरा असा की पकडलेलं सोडलं तर पडेन. भाऊंच्या नातीनं असा राघू पाहून विचारलं, “आजोबा, हा कुणी टांगलाय?” तेव्हा भाऊंनी त्याच्या पायांखाली फांदी चिकटवली. फांदीला गुलाबी फुलं होती. भाऊंनी ती इंटरनेटवरून घेतली होती आणि ती चेरीची होती. मरोद्याला बाभूळ असते.

तारेनंतर खांब. खांबानंतर प्लास्टिकची पिशवी. मग पाण्याची टाकी. मग क्षितिजावरच्या कारखान्याच्या चिमण्या. पाठीमागचा धूसर पट्टा ‘डीहेझ’नं जातो, उरलेलं सगळं गुळगुळीत हिरवं होतं. शेवटी चौकटीत पक्षी राहतो आणि तो जगात कुठेही असू शकतो.

काकांनी असा एक खंड्या मोठा छापून नागपूरच्या व्याह्यांना भेट दिला. व्याही जाणकार, चष्मा लावून उभे राहिले.

“काय फोटो आहे! केनिया?”

“नाही. मरोदा.”

“मरोदा,” व्याह्यांनी मान डोलवली. “टांझानियाच्या बाजूला का?”

काका गाडीत बसून परत येईपर्यंत बोलले नाहीत. आमच्या भिलाईचा खंड्या, आमच्या पाण्यावरचा, आणि आम्हीच त्याला आफ्रिकेत पाठवून दिलं होतं.

बाहेरच्या जगातही असल्या प्रकरणांनी बऱ्याच जणांची पदकं गेली. स्वीडनमध्ये एका छायाचित्रकाराला निसर्ग छायाचित्रकार म्हणून सरकारी सन्मान मिळाला होता. २०११ साली एका शिकाऱ्याला या छायाचित्रकाराच्या उन्हाळ्यातल्या फोटोतल्या लिंक्स मांजराच्या अंगावर हिवाळ्याची दाट लव दिसली. मांजर चिकटवलेलं निघालं. ऋतू पुसायचा राहिला होता. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २००९ सालचा विजेता लांडगा फाटकावरून झेप घेत होता. परीक्षकांचा निष्कर्ष झाला की तो बहुधा पाळीव आहे, आणि २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. २०१८ मध्ये त्याच स्पर्धेतलं एक मुंगीखाऊ पेंढा भरलेलं आहे, असं म्युझियमच्या तज्ज्ञांना वाटलं आणि तेही बक्षीस गेलं. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. कीअर्टन बंधू पेंढ्याच्या बैलात बसून खरा पक्षी टिपत. शंभर वर्षांत माणूस बैलाबाहेर आला आणि पेंढा कॅमेऱ्यासमोर गेला, याला प्रगती म्हणायचं.

अशा स्पर्धांचा नियम साधा असतो. उजेड कमीजास्त करा, रंग जागेवर आणा, कडा कापा. पण जे होतं ते काढू नका, जे नव्हतं ते घालू नका, आणि विचारलं की मूळ रॉ फाईल दाखवा. सर हे मंडळाच्या गणेशोत्सवातल्या प्रदर्शनाला लागू करावं म्हणाले. बैठक बसली. बैठकीत कारखान्यातली सगळी खाती असल्यामुळे ती युनियनच्या पद्धतीनं चालली.

“तार दिसली तर फोटो घाण दिसतो,” भाऊ म्हणाले.

“कुणाला?” सरांनी विचारलं. “राघूला?”

“बघणाऱ्याला.”

“बघणारा कोण? भिलाईचाच ना? तो उठल्यापासून तारच बघतो.”

मग सर जे बोलले ते मला पटलं, म्हणून सांगतो. मरोद्याचं पाणी कुणासाठी साठवलं? कारखान्यासाठी. ते साठवलं म्हणून कमळं आली, कमळं आली म्हणून कमळपक्षी आले. सेक्टरांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लावली, क्वार्टरच्या मागे प्रत्येकानं मुनगा आणि जास्वंद लावली, म्हणून शिंजीर आले. पक्षी कारखान्याला चुकवून इथे राहिलेले नाहीत. तुमच्यासारखेच कारखान्याच्या भरवशावर आले आणि इथे रमले. कामगार वसाहतीतल्या माणसाचा फोटो काढताना वसाहत कापली तर तुम्ही मोर्चा काढाल. मग राघूनं काय पाप केलं? उजेड जरूर दुरुस्त करा, कारण चूक मीटरची आहे. तार पुसू नका, कारण तार चूक नाही.

दादांना हे लगेच पटलं. त्यांच्या कोतवालामागे एक चिमणी होती आणि ती पुसताना कोतवालाची अर्धी शेपटी गेली होती, त्यामुळे तत्त्वाचा मुद्दा त्यांच्या सोयीचा निघाला. भाऊ कुरकुरले, पण चेरीची फांदी परत करायला तयार झाले. कुणाला करायची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भाच्याचा विरोध होता. तो पुण्याचा असल्यामुळे त्याचा विरोध नोंदवून घेतला आणि चहा मागवला.

ठराव झाला. प्रत्येक फोटोखाली पक्ष्याचं नाव मराठीत, छत्तीसगडीत आणि हिंदीत लिहायचं, खाली जागा लिहायची, आणि तार, खांब, चिमणी, म्हैस यांतलं काहीही पुसायचं नाही. आयत्या वेळी बंगाली, मल्याळी आणि तेलुगू शेजाऱ्यांनीही आपापल्या भाषेतलं नाव हवं असा आग्रह धरला, तेव्हा काही फोटोंखालच्या पट्ट्या फोटोंपेक्षा मोठ्या झाल्या. लोकांनी गर्दी केली. गंमत अशी की पक्षी पाहायला फार कमी जण थांबत. ‘अरे, हा सेक्टर सहाचा चौक!’, ‘ही आमच्या गल्लीची टाकी!’ म्हणून लोक आपलं घर शोधत, आणि शोधता शोधता टाकीवरचा शिक्रा त्यांना दिसे. ‘हा इथं बसतो?’ इतकी वर्षं तो तिथंच बसत होता. एक आजी तर गायबगळ्याच्या फोटोपुढून हलेनात. म्हशीची शिंगं चांगली आहेत, दूध किती देते, एवढंच विचारत होत्या.

काकांचा नीलकंठ मात्र सर्वांच्या नजरेत भरला. तारेवर बसलेला, तपकिरी छातीचा, जसा होता तसा. पट्टी न ओढलेला. सर खूश झाले. मग जवळ गेले. मग चष्मा काढून परत लावला.

“काका, ही तार कुठली?”

“मरोद्याचीच. पुसली नाही. ठराव आहे.”

“ते दिसतंय. पण मरोद्याच्या तारेला एवढा झोल आहे, आणि ही तर...”

तार चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी गेली होती, की दोन माणसं दोन्हीकडून ओढून धरत आहेत की काय असं वाटावं. काकांनी एक डोळा मिटून तिच्याकडे समाधानानं पाहिलं.

“पुसायची नाही असं ठरलं होतं,” काका म्हणाले. “सरळ करायची नाही असं कुठं ठरलं होतं?”

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा मुद्दा पहिला आहे. काकांनी तयारी म्हणून ट्रायपॉडला बांधायची पाणसळ विकत घेतली आहे. तिची किंमत काकूंना माहीत आहे.